तीन विजय, एकोणिसावा क्रमांक आणि शनिवारचा हॉल

हे प्रकरण सप्टेंबर २०२३ मधलं, अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातलं. एका कॉलेज फुटबॉल संघाच्या भरवशावर रेस्टॉरंटचा हॉल हंगामभर अडवायचा का, हा त्यातला प्रश्न. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून नाव आणि किरकोळ तपशील बदलले आहेत. सामन्यांचे आकडे जसेच्या तसे आहेत. मी डेटाच्या कामात आहे आणि नव्या मुलांना शिकवताना हे उदाहरण बरेचदा घेतो, कारण यात आकडेमोड सोपी आहे आणि तरीही निर्णय सोपा नव्हता.

पार्श्वभूमी

डेन्व्हरजवळच्या एका उपनगरात एक मराठी जोडपं रेस्टॉरंट चालवतं. पुढे नेहमीची टेबलं, मागे छोटा हॉल. हॉलची कमाई मुख्यतः शनिवारची: बारशी, वाढदिवस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीच्या पार्ट्या. त्यांचा भाचा निखिल (नाव बदललेलं) तेव्हा संख्याशास्त्रात मास्टर्स करत होता आणि सुट्टीच्या दिवशी मामाच्या गल्ल्यावर बसायचा.

इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, लंबगोल चेंडूचा. कॉलेजांच्या वरच्या गटात त्या वर्षी १३३ संघ होते. प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात १२ सामने येतात, तेही बहुतेक शनिवारी. एवढ्या संघांत सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य, म्हणून कोण कितवा हे मतांवर ठरतं. त्यातली सर्वांत जुनी आणि मानाची यादी असोसिएटेड प्रेसची, म्हणजे एपीची. ती १९३६ पासून निघते. साठेक क्रीडापत्रकार दर आठवड्याला आपापले पहिले २५ संघ लिहून देतात. पहिल्याला २५ गुण, पंचविसाव्याला एक, आणि बेरजेवरून क्रमांक.

बोल्डरच्या कोलोराडो विद्यापीठाचा संघ २०२२ मध्ये १२ पैकी ११ सामने हरला होता. मग डीऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले. एकेकाळचे मोठे खेळाडू, बोलण्यात त्याहून मोठे. त्यांनी जुना संघ जवळजवळ मोडीत काढला आणि ऐंशीहून जास्त नवे खेळाडू आणले. त्यात त्यांचा मुलगा शेडूर होता, क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूच्या जागेवर, आणि ट्रॅव्हिस हंटर, जो आक्रमणात आणि बचावात दोन्हीकडे खेळायचा. आजच्या काळात असं क्वचितच कोणी करतं.

२ सप्टेंबरला पहिलाच सामना टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाशी, म्हणजे टीसीयूशी, त्यांच्या मैदानावर. टीसीयू आदल्या हंगामात थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलेला. कोलोराडोने तो ४५-४२ असा जिंकला. पुढच्या शनिवारी नेब्रास्काला ३६-१४ असं हरवलं. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्याच दुसऱ्या विद्यापीठाचा संघ, कोलोराडो स्टेट. तो सामना दोन ओव्हरटाइमनंतर ४३-३५ असा सुटला. एपीच्या यादीत संघ आधी २२ वा, मग १८ वा, आणि तिसऱ्या विजयानंतर १९ वा आला. जिंकूनही एक पायरी खाली, हे बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही. सगळं राज्य हवेत होतं.

प्रश्न

पहिल्या तीन शनिवारी मामांनी हॉलमधल्या टीव्हीवर सामने लावले आणि गर्दी झाली. मग एका भाडोत्री सामानवाल्याने प्रस्ताव दिला: मोठा पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर, नोव्हेंबरअखेरपर्यंत एकठोक भाड्याने. दर कमी, पण अनामत परत नाही, आणि उत्तर शुक्रवारपर्यंत हवं. शनिवारी, २३ सप्टेंबरला, ओरेगनशी सामना होता.

हंगामभराचा करार केला तर हॉल प्रत्येक शनिवारी सामन्यासाठी अडणार. दिवाळीच्या पार्ट्यांची विचारणा तोवर सुरू झाली होती. म्हणजे खरा खर्च पडद्याच्या भाड्याचा नव्हताच, सोडून द्याव्या लागणाऱ्या बुकिंगचा होता.

मामांनी भाच्याला विचारलं, "एकोणिसावा म्हणजे अख्ख्या देशात एकोणिसावा ना रे?"

"हो, पण तीन सामन्यांनंतर."

"मग पुढेही साधारण तिथेच राहील की."

मामी मसाल्याचे डबे भरत होत्या. त्या म्हणाल्या, "पॉवरप्लेचा रनरेट बघून शेवटचा स्कोअर सांगू नका." निखिलने पुढे मामांसाठी जे टिपण लिहिलं त्याचं पहिलं वाक्य जवळपास हेच होतं, फक्त इंग्रजीत आणि लांबलचक.

आकडे उघडून पाहिल्यावर

निखिलने आधी साधे भागाकार केले. तीन सामन्यांत केलेले गुण १२४, म्हणजे सरासरी ४१. खाल्लेले ९१, म्हणजे सरासरी ३०. टीव्हीवर हेच आकडे फिरत होते. पण कोलोराडो स्टेटशी नियमित वेळ २८-२८ वर संपली होती. ओव्हरटाइममध्ये चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या रेषेवर ठेवून खेळ सुरू होतो, त्यामुळे तिथले गुण स्वस्त असतात. ते वजा केले की केलेल्या गुणांची सरासरी ३६ आणि खाल्लेल्यांची २८ होते. फरक अकरावरून आठवर आला. एवढ्या एका वजाबाकीने चित्र बदलत नाही, पण सरासरी कशाची काढली आहे हे विचारायची सवय लागते.

मग शेडूर सँडर्सचे आकडे. टीसीयूविरुद्ध ५१० यार्डांचे पास, म्हणजे चेंडू फेकून मिळवलेलं अंतर, हा विद्यापीठाचा विक्रम. नंतर ३९३ आणि ३४८. तीन सामन्यांत १,२५१ यार्ड. हे खरोखर भारी होतं आणि निखिलने ते तसंच लिहिलं.

त्याची नजर अडली ती दुसऱ्या रकान्यावर. पळत जाऊन मिळवलेले यार्ड एकाही सामन्यात शंभरापर्यंत पोचले नव्हते. इथे एक तांत्रिक मेख आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडलं, म्हणजे सॅक झाला, की गेलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये ते पासच्या खात्यातून जातात. त्यामुळे कॉलेजचा धावण्याचा आकडा वाईट दिसला तर दोन शक्यता असतात: धावणारे कमजोर, किंवा क्वार्टरबॅकला वाचवणारी त्याच्या पुढची फळी कमजोर. कोलोराडोच्या बाबतीत दोन्ही होतं. तीन सामन्यांत डझनभराहून जास्त सॅक झाले होते. ५१० यार्डांच्या चमकेत ते कोणाला दिसत नव्हते, कारण संघ जिंकत होता.

बचावाकडे पाहिलं तर टीसीयूने नुसतं धावून अडीचशेहून जास्त यार्ड काढले होते आणि नेब्रास्काने दोनशेहून जास्त. मग नेब्रास्का १४ गुणांवर कसा अडला? त्यांनी चेंडू चार वेळा गमावला. हातून सुटलेला चेंडू कोणाच्या हाती पडेल यात नशिबाचा वाटा मोठा असतो. दीर्घ काळात तो अर्ध्याअर्ध्याच्या जवळ जातो. कोलोराडो स्टेटने तर १७ चुका करून दंडात १८२ यार्ड दिले. एवढी भेट दर शनिवारी मिळत नाही. आणि एवढी मिळूनही बोल्डरच्या संघाला बरोबरीसाठी शेवटच्या मिनिटांत ९८ यार्डांची चढाई करावी लागली. १९ व्या क्रमांकाच्या संघाची ही खूण नव्हे, हे माझंही मत.

प्रतिस्पर्ध्यांचं वजन काढणं सर्वांत अवघड. टीसीयूला हरवलं खरं, पण अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या त्या संघाचा क्वार्टरबॅक आणि बरेच मुख्य खेळाडू निघून गेले होते. नावाच्या पाटीला हरवलं की संघाला, हे सप्टेंबरात कळत नाही. नेब्रास्का पहिला सामना मिनेसोटाशी हरला होता. कोलोराडो स्टेटला वॉशिंग्टन स्टेटने ५०-२४ असं धुतलं होतं. निखिलने तिघांच्या पुढे प्रश्नचिन्हं टाकली. बरोबर केलं.

क्रमांकाचं काय करायचं

इथे पहिला खरा निर्णय होता: एपीचा क्रमांक अंदाजात धरायचा की नाही?

मामांचं म्हणणं सरळ होतं. साठ माणसं रोज हाच खेळ बघतात, त्यांना कळतं. निखिलचं म्हणणं असं की ती साठ माणसं वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत आहेत. आतापर्यंत कोणी काय कमावलं याचं ते बक्षीस असतं. ०-३ वाल्या, म्हणजे तिन्ही सामने हरलेल्या चांगल्या संघाला कोणी यादीत घेत नाही आणि ३-० वाल्या संघाला, त्यात सगळ्या देशाच्या डोळ्यांपुढे असलेल्या संघाला, बाहेर ठेवायला धाडस लागतं. म्हणूनच राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी संघ निवडणारी समिती सप्टेंबरात क्रमवारी काढतच नाही. २०२३ मध्ये तिची पहिली यादी ३१ ऑक्टोबरला आली.

दुसरीकडे गणिती क्रमवाऱ्या आहेत. त्यातली एसपी प्लस ही पद्धत प्रत्येक चाल यशस्वी झाली का ते मोजते (दहा यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात): पहिल्या प्रयत्नात गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्यात ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण. हंगामाच्या सुरुवातीला तिच्यात मागच्या वर्षांची कामगिरी, परतलेले खेळाडू आणि भरतीचा दर्जा यांचं वजन जास्त असतं आणि सामने होत जातील तसं ते कमी होतं. पण कोलोराडोचं मागचं वर्ष म्हणजे १-११, आणि त्या संघातलं फारसं कोणी उरलेलंच नाही. मग पूर्वानुमान कशाचं धरायचं? गेल्या वर्षीच्या जर्सीचं?

निखिलने मधला मार्ग काढला. मागच्या वर्षाचं वजन त्याने नेहमीपेक्षा कमी धरलं, पण शून्य केलं नाही. त्याचं कारण मला पटलं: धावणारे आणि क्वार्टरबॅक वर्षभरात बदलता येतात, पुढची फळी एका उन्हाळ्यात उभी राहत नाही, आणि सॅकचे आकडे तेच सांगत होते.

एपीच्या यादीचा त्याने दुसऱ्याच कामासाठी उपयोग केला, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वांत हुशार गोष्ट. कोलोराडोचा क्रमांक बाजूला ठेवून त्याने उरलेल्या नऊ प्रतिस्पर्ध्यांचे क्रमांक बघितले. ओरेगन १०, यूएससी ५, युटा ११, ओरेगन स्टेट १४, वॉशिंग्टन स्टेट २१, यूसीएलए २२. नवातले सहा यादीत. बाहेर फक्त ॲरिझोना स्टेट, स्टॅनफर्ड आणि ॲरिझोना. त्यातच ट्रॅव्हिस हंटरला कोलोराडो स्टेटच्या सामन्यात यकृताला इजा झाली होती आणि तो काही आठवडे बाहेर बसणार होता.

टिपणाचा शेवट असा होता: एकूण विजय बहुधा पाच, चार ते सहाच्या दरम्यान.

पर्याय

मामांपुढे चार रस्ते होते. पूर्ण हंगामाचा स्वस्त करार. काहीच न करता आहे तो टीव्ही. दर आठवड्याला महाग भाडं. किंवा ओरेगन, यूएससी आणि ॲरिझोना स्टेट हे तीन सामने घेऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर फेरविचार.

मामांचा कल पहिल्याकडे. "लोक टीम बघायला येतात, नंबर मोजायला नाही," असं ते म्हणत, आणि यात तथ्य होतं हे पुढे दिसलं. मामींचा विरोध दिवाळीपुरता होता. नोव्हेंबरात लक्ष्मीपूजन १२ तारखेला, रविवारी. आदल्या शनिवारच्या हॉलसाठी दोन कुटुंबं आधीच विचारून गेली होती. चार विजयांवर थांबू शकणाऱ्या संघासाठी ती बुकिंग सोडायची का, हा त्यांचा सवाल. सामानवाला पूर्ण हंगामाच्या करारासाठी अडून होता, पण मामींनी फोन हातात घेतल्यावर तीन सामन्यांच्या करारावर आला. दर मधला, अनामत अर्धी.

काय केलं, काय झालं

चौथा पर्याय घेतला.

ओरेगनचा सामना कोलोराडोच्या घड्याळात दुपारी दीडला होता. हॉल भरला. मध्यंतराला गुणफलक ३५-०. पहिल्या अर्ध्यात कोलोराडोचे एकूण यार्ड २१. शेडूर सँडर्स सात वेळा पाडला गेला. मध्यंतरात मामी आतून समोशांचा घाणा काढून आणत होत्या आणि बाहेर लोक बिल मागत होते. शेवटी ४२-६. संघ यादीतून बाहेर.

मामा थोडे ओशाळले, निखिल थोडा जास्तच खूश झाला. दोन्ही अनाठायी. एका सामन्याने त्याचं टिपण खरं ठरत नव्हतं, जसं तीन सामन्यांनी १९ वा क्रमांक ठरत नव्हता.

पुढच्या आठवड्यात यूएससीशी ४८-४१ अशी हार झाली, पण दुसऱ्या अर्ध्यात जोरदार मुसंडी मारून. मात्र तो सामना सकाळी दहाला सुरू झाला. त्या वेळी रेस्टॉरंट उघडतही नाही. मामींनी घाईघाईने पोहे आणि मिसळीचा नाश्ता ठेवला, गर्दी बेताची झाली. ७ ऑक्टोबरला ॲरिझोना स्टेटवर २७-२४ असा निसटता विजय. संघ ४-२.

आता फेरविचार. दुसरा निर्णय. ४-२ म्हटलं की छान वाटतं आणि पुढे स्टॅनफर्ड होता, नऊ जणांतला बहुधा सर्वांत सोपा. हंटरही परत येत होता. निखिलने तरी उरलेल्या हंगामाचा करार नको म्हणून सांगितलं, फक्त स्टॅनफर्डचा सामना घ्या. तो १३ ऑक्टोबरला, शुक्रवारी रात्री आठला होता, म्हणजे शनिवार मोकळाच. मध्यंतराला कोलोराडो २९-० ने पुढे. निम्मा हॉल सामना जिंकला समजून घरी गेला. उरलेल्यांनी मध्यरात्रीनंतर दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४६-४३ अशी हार पाहिली.

त्यानंतर पडदा परत गेला. संघ स्टॅनफर्ड धरून ओळीने सहा सामने हरला आणि ४-८ वर थांबला. शेडूर सँडर्स हंगामात ५२ वेळा पाडला गेला. शेवटच्या नऊ सामन्यांत कोलोराडोने सरासरी २४ गुण केले आणि ३६ खाल्ले. आणि सप्टेंबरात हरवलेले ते तीन संघ? टीसीयू ५-७. नेब्रास्का ५-७. कोलोराडो स्टेट ५-७. तिघेही.

११ नोव्हेंबरच्या शनिवारी हॉलमध्ये दिवाळीची पार्टी झाली. त्याच दिवशी संघ ॲरिझोनाशी ३४-३१ असा हरला.

वेगळं काय करता आलं असतं

निखिलचा अंदाज चार ते सहाचा, प्रत्यक्षात चार. वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच मान डोलावतात. मला ते खटकतं. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटलेले सामने आठ होते: तीन जिंकले, पाच हरले. त्यातले दोन इकडचे तिकडे झाले असते तर सहा विजय आले असते आणि संघ हंगामानंतरच्या बोल सामन्याला पात्र ठरला असता. टिपण तेव्हाही 'बरोबर'च म्हटलं गेलं असतं. एवढी रुंद कक्षा दिली की चुकायला जागाच उरत नाही. प्रत्येक सामन्याची जिंकण्याची शक्यता वेगळी लिहून ठेवली असती, तर नऊ सामन्यांनंतर पद्धत तपासता आली असती. त्याने एकच बेरीज लिहिली.

याहून मोठी उणीव प्रश्नात होती. मामांना किती विजय हे नको होतं, किती माणसं हे हवं होतं. दोन्ही एकच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बोल्डरच्या फॉल्सम फील्डवरचे त्या हंगामातले सगळे सामने विकले गेले, हरत असतानाही. ओरेगनचा एकतर्फी सामना देशभरात सुमारे एक कोटी लोकांनी पाहिला. म्हणजे १९ व्या क्रमांकाशी गर्दीचा संबंध सैल होता. मामांच्या हॉलमध्ये गर्दी ठरवली ती सामन्याच्या वेळेने. दुपारी दीडला हॉल भरला, सकाळी दहाला अर्धा, शुक्रवारी रात्री आठला पुन्हा भरला आणि मध्यंतराला निम्मा रिकामा झाला. आणि वेळेबाबत गंमत अशी की टीव्ही वाहिन्या ती बऱ्याच सामन्यांची फक्त बारा किंवा सहा दिवस आधी जाहीर करतात. सप्टेंबरात हंगामभराचा करार करणं यामुळे धोक्याचं होतं, सॅकमुळे नव्हे. टिपणात वेळेचा उल्लेखच नाही. निखिलने प्रत्येक चालीचं यश मोजलं आणि सामना किती वाजता आहे हे पाहायचं राहिलं.

मामांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्यांनी निर्णय तोडून घेतला. तीन सामने, मग थांबा, मग बघू. निखिलचं टिपण नसतं तरी हा करार वाईट ठरला नसता. टिपणाचा खरा उपयोग ॲरिझोना स्टेटनंतर झाला, ४-२ वर सगळे पुन्हा हुरळले होते तेव्हा. आणि दिवाळीचं बुकिंग वाचलं ते मामींमुळे. त्यांनी संघाचा विचारच केला नव्हता.

पुढच्या वर्षी उलटं घडलं. २०२४ मध्ये कोलोराडो दुसऱ्याच सामन्यात नेब्रास्काकडून २८-१० असा हरला, आणि नियमित हंगाम ९-३ असा संपवला. त्या वर्षी मामांनी सामानवाल्याशी भाड्यावरून घासाघीस केली नाही. सामन्याची वेळ जाहीर झाल्यावर दोन दिवसांत ती तारीख बिनदंड सोडता यावी, एवढी अट करारात घालून घेतली.